जुनी जीप आणि जांभ्याची वाट

रत्नागिरी जिल्ह्याची भूमि वाहनाला सहजासहजीं वश होणारी नव्हे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीचा कडा आणि मध्यें खाड्यांनीं तोडलेले जांभ्या दगडाचे सडे, अशी तिची रचना आहे. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळें वाडीकडे जाणारी जी तांबडी वाट मे महिन्यांत दगडासारखी कठीण असते, तीच जुलैंत लोण्यासारखी निसरडी होते. अशा प्रदेशांत चारी चाकांना यंत्राचा जोर देणाऱ्या गाडीचें आकर्षण वाटावें, हें स्वाभाविक आहे. नवी गाडी सर्वांनाच परवडत नाहीं. म्हणून जुनी जीप किंवा जिप्सी घ्यावी, तिला मोठे टायर चढवावेत आणि सुटीच्या दिवशीं आडवाटेला लागावें, असा बेत शहरांतील पुष्कळ घरांत आज आंखला जातो. बेत वाईट नाहीं. परंतु ही गाडी चालते कशी, पारखावी कशी, तिच्यांत बदलावें काय आणि ती कोठें नेऊं नये, या चार गोष्टी आधीं समजून घेणें इष्ट आहे.

या गाडीचें मूळ रणांगणांत आहे. १९४० सालीं अमेरिकेच्या सैन्यानें हलक्या टेहळणी-गाडीची मागणी केली आणि तिच्यांतून विलीज कंपनीची जीप निर्माण झाली. विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून युद्धसमाप्तीपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्धानंतर ही गाडी शेतांत आणि डोंगरांत उतरली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून ‘महिंद्र आणि महिंद्र’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें मुंबईस माझगांव येथें जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली. हलकी, पेट्रोलवर चालणारी ही गाडी सैन्यानें आणि पोलीसखात्यानेंहि वापरली. आतां ती नवी मिळत नाहीं. २०१० सालीं महिंद्रांची थार आली आणि २०२० सालीं तिचा नवा अवतार निघाला. जुन्या बाजारांत आज मुख्यत्वेंकरून याच घराण्यांतल्या गाड्या दिसतात.

चारी चाकांना जोर मिळाल्यानें नेमकें काय साधतें? साध्या मोटारींत यंत्राची शक्ति दोनच चाकांना जाते. तीं दोन चाकें ‘डिफरन्शिअल’ नांवाच्या दांतेरी चक्रांच्या पेटीनें जोडलेलीं असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावें लागतें, तें या पेटीमुळें शक्य होतें. परंतु याच सोयींत एक दोष आहे. एक चाक चिखलांत मोकळें फिरूं लागलें, कीं सारी गति त्याच्याकडेच धांवते आणि कोरड्या जमिनीवरचें दुसरें चाक स्वस्थ उभें राहतें. पुढच्या चाकांनाहि जोर मिळाला म्हणजे गाडीला आणखी एक आधार लाभतो. जोराची ही वांटणी ‘ट्रान्स्फर केस’ करते. तिच्यांतच एक खालचा टप्पा असतो. तो घातला असतां वेग दोन ते अडीच पटींनीं घटतो आणि ओढ त्याच प्रमाणांत वाढते. खडा चढ संथपणें चढणें आणि ब्रेक न जाळतां उतार उतरणें या टप्प्यामुळेंच जमतें. मात्र जीप किंवा जिप्सी डांबरी, कोरड्या रस्त्यावर चारी चाकें जोडून चालवूं नये. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या गतींतील फरक सामावून घेणारी सोय मध्यें नसल्यामुळें सर्व यंत्रणेवर ताण पडतो.

आतां पारख. कोकणांत जुन्या गाडीचा पहिला शत्रु यंत्र नव्हे, गंज होय. खारी हवा आणि चार महिन्यांचा ओलावा लोखंडाला आंतून खातो आणि वरून दिलेला ताजा रंग तें झांकतो. म्हणून गाडी वरून पाहण्यापूर्वीं खालून पाहावी. चासीच्या दोन्ही लांब दांड्या, पाटे जेथें बसविलेले असतात त्या जागा आणि बॉडी चासीवर जेथें टेंकते ते सांधे लहान हातोडीनें हलके ठोकून पाहावेत. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. बोदा आवाज आला किंवा खपली निघाली, तर किंमत कितीहि उतरली तरी ती गाडी महागच समजावी. यंत्र दुरुस्त होतें, बदलतांहि येतें. कुजलेली चासी पुन्हां विश्वासास पात्र होत नाहीं.

त्यानंतर तेलें तपासावींत. डिफरन्शिअल किंवा ट्रान्स्फर केसचें तेल दुधासारखें पांढुरकें दिसलें, तर आंत पाणी शिरलें आहे आणि गाडी ओढ्यांतून गेलेली आहे, असें निश्चित धरावें. यंत्र थंड असतांनाच सुरू करावयास सांगावें, कारण गरम यंत्र आपले दोष लपवितें. गाडी मातीच्या रस्त्यावर नेऊन चारी चाकें जोडावीं, खालचा टप्पा घालून पाहावा आणि पुढचीं चाकें खरोखर ओढतात कीं नाहीं याची खात्री करावी. पुष्कळ जुन्या गाड्यांत दांडा असतो, पण त्यापुढची यंत्रणा कधींच निकामी झालेली असते. स्टिअरिंगचें चक्र किती मोकळें हलतें आणि ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस जाते काय, हेंहि पाहिलें पाहिजे.

कागदपत्रांची पारख यंत्राच्या पारखेइतकीच महत्त्वाची आहे. चासीवरचा आणि यंत्रावरचा क्रमांक नोंदणीपत्राशीं अक्षरशः जुळला पाहिजे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. म्हणजे १९९५ सालची जीप घेणाऱ्यानें पुढच्या तपासणीचा खर्च आणि खटाटोप आधींच हिशेबांत धरावा. त्याच राज्यांतील व्यवहार असल्यास विकणाऱ्यानें चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. गाडी परराज्यांतील असेल तर तेथील ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर, या दोन्ही बाबी स्वस्ताईचा मोह बराच कमी करतात.

गाडी हातीं आली कीं ती सजविण्याची हौस उसळते. येथें कायदा आणि शहाणपण एकाच बाजूस उभे आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हाच अर्थ स्पष्ट केला. पुढें बसविण्याच्या जाड लोखंडी कठड्यांना केंद्रीय परिवहन मंत्रालयानें डिसेंबर २०१७ मध्येंच मनाई केली आहे, कारण टक्कर झाल्यास ते पादचाऱ्याला अधिक घातक ठरतात आणि गाडीचा मूळचा बचावहि बिघडवितात. मोठ्या टायरांचें गणित तर सोपें आहे. २८ इंचांच्या जागीं ३१ इंचांचा टायर घातला, तर वेगमापक ६० दाखवीत असतां गाडी प्रत्यक्षांत सुमारें ६६ किलोमीटर वेगानें धांवत असते. ब्रेक मात्र जुनेच राहतात. उंची वाढविली कीं गुरुत्वमध्य वर जातो आणि घाटांतल्या वळणावर गाडी कलंडण्याचें भय वाढतें.

मग पैसा कोठें खर्चावा? मूळ मापाचेच पण खोल नक्षीचे चांगले टायर, नवे ब्रेक, ताजीं तेलें, खालून गंजरोधक लेप, पुढें-मागें चासीला घट्ट जोडलेले ओढण्याचे आंकडे, एक मजबूत पट्टा, एक फावडें आणि हवा भरण्याचा लहान पंप, एवढें पुष्कळ झालें. यांपैकीं पंपाचें मोल नवशिक्याच्या ध्यानांत येत नाहीं. मऊ मातींत टायरांतील हवा ३० पौंडांवरून अठरा-वीस पौंडांवर आणली, कीं टायर पसरतो, भार अधिक जागेवर वांटला जातो आणि रुतणारी गाडी तरंगल्यासारखी निघते. पक्क्या रस्त्यावर येतांच ती हवा पुन्हां भरावी लागते. हजारों रुपयांचा साज जें करीत नाहीं, तें हा विनामूल्य उपाय करतो.

पाण्याविषयीं मात्र कोणतेंहि धाडस क्षम्य नाहीं. यंत्रांत हवेच्या वाटेनें पाणी शिरलें तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं; आंतला कनेक्टिंग रॉड वांकतो आणि यंत्र क्षणांत निकामी होतें. हवेची नळी उंच केल्यानें हा एक धोका टळतो, परंतु वाहत्या पाण्याचा लोंढा टळत नाहीं. ज्या पऱ्ह्यांतून माणूस चालत सुरक्षितपणें पलीकडे जाऊं शकत नाहीं, त्यांत गाडी घालूं नये, हा नियम पावसाळ्यांत कुटुंबांतील प्रत्येकाला पाठ असावा.

शेवटचा प्रश्न वाटेचा. रत्नागिरीचे सडे दुरून ओसाड दिसतात. ते तसे नाहींत. कशेळी, बारसू, उक्षी, जांभरुण, देवाचें गोठणें, रुंढे तळी या ठिकाणीं कातळावर प्राचीन मानवानें खोदलेल्या आकृति आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारें अठरा मीटर लांबीचा आहे. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत कोंकणच्या या कातळशिल्पांचा समावेश झाला. पुष्कळ ठिकाणीं त्यांना कुंपण नाहीं, मातीनें झांकलेलीं कित्येक अद्याप उजेडांतहि आलेलीं नसतील. हजारों वर्षांचा पाऊस सोसलेली ती उथळ रेषा एका जड गाडीच्या घसरत्या चाकाखालीं कायमची झिजूं शकते. पावसाळ्यांत याच कातळावर दुर्मिळ रानफुलें उगवतात. वेळास, आंजर्ले, गुहागर येथील पुळणींत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत समुद्रकासवांचीं अंडीं असतात. त्यांवरून चाक गेलें तर वर कांहींच दिसत नाहीं, आंत सारें संपतें.

म्हणून वाहिवाटीचा गाडीरस्ता सोडूं नये, खासगी सड्यावर मालकाची आणि वनांत वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि पुळणीवर गाडी उतरवूंच नये. आडवाटेची गाडी म्हणजे वाट नसेल तेथें वाट पाडणारी गाडी नव्हे. जी वाट गांवकऱ्यांनीं बैलगाडीसाठीं राखली आणि पावसानें मोडून टाकली, तिच्यावरूनहि माणसाला सुखरूप नेऊन परत आणणारी ती गाडी. जुनी जीप घेणाऱ्यानें एवढी मर्यादा पाळली, तर तिचा उपभोग त्यालाहि मिळेल आणि सड्याचें धन पुढच्या पिढीसहि उरेल.