ताटातले तूप आणि पोटावरची चरबी

थंडीच्या दिवसांत वरंधसारख्या घाटाखालच्या गावात सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. तूपही डब्यात थिजते. खुरासणीचे तेल मात्र पातळच राहते. हा फरक कशाचा? तेलातुपात निरनिराळी स्निग्धाम्ले असतात. त्यांतली ‘संपृक्त’ आम्ले जास्त असली, की पदार्थ लवकर थिजतो. खोबरेलात शंभरात सुमारे 90 भाग ही आम्ले असतात, तुपात 60 च्या वर, पामतेलात जवळजवळ 50, तर शेंगदाण्याच्या तेलात 20 च्या आसपास.

पण संपृक्त आम्लेही सगळी एका जातीची नव्हेत. पामतेलातले पामिटिक आम्ल रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. खोबरेलातले लॉरिक तेही वाढवते आणि चांगलेही वाढवते. बोकडाच्या चरबीत स्टिअरिक बरेच असते; ते फारसे वाढवीत नाही. तुपातले थोडेसे ब्युटिरिक शरीर चटकन जाळून टाकते. तरी तूप काय, चरबी काय, दोहोंत पामिटिक आहेच, हे विसरू नका.

स्वीडनमध्ये उप्साला येथे 2014 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. 39 तरुण माणसांना सात आठवडे रोजच्या जेवणावर जादा केक दिले; काहींना पामतेलाचे, काहींना सूर्यफुलाच्या तेलाचे. वजन दोन्हीकडे सारखेच वाढले. पण पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटात चरबी अधिक साठली. काट्यावर हा फरक दिसलाच नसता!

आपण तर याबाबतीत अधिकच सावध राहायला हवे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत अभ्यास केला. तिथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने हलकी, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त, असे आढळले. सडपातळ माणसालाही मधुमेह गाठतो, तो असा.

म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजा. पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या आत असावी. भातावर चमचाभर तूप खुशाल घ्या. रोजच्या फोडणीला खुरासणीचे किंवा शेंगदाण्याचे तेल बरे. मात्र कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी पडतातच. तेव्हा तेल कोणतेही असो, हात आखडता ठेवावा. गुरुजी, शाळेत एक मापपट्टी आणून ठेवाल ना?