पायथिया: घडताना पाहता येणारं मॉडेल

पायथिया या भाषा-मॉडेलाशी गप्पा मारायला बसाल तर निराश व्हाल. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं सोडून ते आणखी चार प्रश्नच लिहीत सुटेल. संभाषणाचं वळण त्याला कुणी लावलेलंच नाही. मराठीत तर विचारूच नका, शिक्षण जवळजवळ सगळं इंग्रजीतून झालंय. तरीही 2023पासून भाषा-मॉडेलांवरच्या शोधनिबंधांत हे नाव सतत भेटतं.

2020 साली डिस्कॉर्डवर जमलेल्या इल्यूथर एआय या हौशी संशोधकांच्या गटाने ते घडवलं. खरं तर हा कुटुंबकबिला आहे. मूळ संचातलं थोरलं मॉडेल 1,200 कोटी पॅरामीटरांचं, धाकटं अवघं 7 कोटींचं, साध्या लॅपटॉपवर चालणारं. सगळ्यांनी 'द पाइल' हा एकच मजकूरसाठा एकाच क्रमाने वाचला: सुमारे 30 हजार कोटी टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे. त्यात शोधनिबंध, विकिपीडिया आणि हो, बुडालेल्या एन्रॉन कंपनीतले ईमेलसुद्धा!

दही लागल्यावर ते कसं लागलं, हे चाखून कळत नाही. इल्यूथरने म्हणून वाटेतले टप्पेही जपले. पाटी कोरी असतानाचा पहिला. मग प्रशिक्षणाच्या 1, 2, 4 असे दुपटीने 512 पावलांपर्यंत, कारण सुरुवातीला बदल झपाट्याने होतात. पुढे दर हजार पावलांनी एक. प्रत्येक मॉडेलाचे असे 154 चेकपॉइंट कुणालाही फुकट उतरवून घेता येतात.

त्यामुळे तर्काऐवजी प्रयोग करता आले. मॉडेल जे शब्दशः पाठ करतं, ते आधी वाचलेलं असतं की शेवटी? तपासल्यावर दिसलं, क्रमाचा फारसा संबंधच नाही. दुसऱ्या प्रयोगात प्रशिक्षणाचा शेवटचा भाग पुल्लिंगी सर्वनामांच्या जागी स्त्रीलिंगी घालून पुन्हा करून पाहिला, तर चाचण्यांत लिंगभेदाचा पूर्वग्रह कमी भरला. कंपन्यांच्या बंद मॉडेलांवर बाहेरच्या कुणाला हे करता आलं नसतं.

उघडेपणाची किंमतही मोजावी लागली. 'द पाइल'मध्ये स्वामित्वहक्क असलेली पुस्तकं होती. तक्रारींनंतर 2023मध्ये तो साठा काढून टाकला गेला. काय वाचायला दिलं ते जाहीर केलं, म्हणून बोट ठेवता आलं. न सांगणाऱ्यांचं फावलं, हे मला खटकतं. इल्यूथरने मात्र दार लावून घेतलं नाही. 2025मध्ये इतर संस्थांसोबत त्यांनी मुक्त परवान्याचा आणि हक्कमुक्त मजकूर गोळा करून 8 टेराबाइटांचा 'कॉमन पाइल' काढला आणि त्यावर 'कॉमा' नावाची नवी मॉडेलं घडवली.