शोक आणि रूढि

गेल्या रविवारीं आमच्या घरीं मुलांचा अभ्यास व स्वयंपाकाची गडबड नित्याप्रमाणें चालली असतां एका व्यापारी स्नेह्यांचा तरुण पुत्र निवर्तल्याचें वर्तमान आलें. हातचा घांस हातांतच राहिला. मृत्यु दैवाधीन खरा; परंतु त्यांच्या विशींतील सुनेच्या बांगड्या फोडण्यास सरसावलेले हात मनुष्यांचेच होते! स्नेह्यांनीं डोळे न पुसतांच ते अडविले. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें ग्रामसभेंत ठराव करून ही चाल बंद केली. खेड्यास साधलें तें पेठेंतील सुशिक्षितांस साधूं नये काय? शिवाय १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें, मृत्युपत्र नसल्यास, पतीच्या मालमत्तेंत पत्नीस पुत्राइतकाच वाटा आहे. समाचारास जाणारांनीं अश्रु ढाळावे, आणि तो वाटा तिच्या पदरांत पडतो कीं नाहीं, हेंही पाहावें.