‘इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी’: हा शब्द वाचायचा कसा?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हा शब्द दिसला की पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात ही पोटाची नेहमीची एण्डोस्कोपीच. इसोफॅगो म्हणजे अन्ननलिका, गॅस्ट्रो म्हणजे जठर, ड्युओडेनो म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि स्कोपी म्हणजे दुर्बिणीने तपासणी. उच्चार मात्र अर्थाच्या जोडावर तुटत नाही: इ-सॉफ्-अ-गो-गॅस्-ट्रो-ड्यु-ओ-डि-नॉस्-क-पी. तुकडे बारा, मुख्य जोर ‘नॉस्’वर. गंमत म्हणजे ड्युओडेनम हे नावही लॅटिनमधल्या ‘बारा’वरूनच आले; त्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीएवढी मानत. फोनवर ऐकताना शेवट नीट ऐकावा, शंका आल्यास पुन्हा विचारावे. ‘गॅस्ट्रोस्कोपी’त जठर आतून फक्त पाहतात, ‘गॅस्ट्रेक्टमी’त ते पूर्ण किंवा अंशतः काढून टाकतात.