अजगराचे पिल्लू खात नाही, तेव्हा...

ऊसतोड सुरू झाली की सातारा-सांगलीच्या फडांत पाचटाखालून साप बाहेर पडतात. पावसाळ्यात कृष्णा-वारणेला पाणी चढले की तेच साप गोठ्यात, अंगणात येतात. अशा वेळी एखादे जाडसर, सुस्त, तपकिरी ठिपक्यांचे पिल्लू दिसते आणि कुणी तरी ‘अजगराचं पिल्लू आहे, काही करत नाही’ म्हणून ते बादलीत घालून घरी नेतो. दुसरीकडे शहरातली हौशी तरुण मंडळी परदेशी जातीचे छोटे अजगर विकत घेऊन पाळू लागली आहेत. दोन्हीकडे चार दिवसांत एकच तक्रार सुरू होते: पिल्लू काही खात नाही.

त्याला खायला कसे घालायचे, हे पाहण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत. पहिला प्रश्न, ते खरोखर अजगर आहे का? आणि दुसरा, ते आपल्याकडे ठेवायची परवानगी आहे का?

आधी ओळख, मग कायदा

पहिला प्रश्न जिवाशी खेळणारा आहे. आपल्या भागात ‘अजगराचे पिल्लू’ समजून उचललेला साप घोणस असू शकतो. जाड अंग, आखूड शेपटी, तपकिरी रंग आणि संथ चाल यांमुळे ही गफलत होते. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे, काळ्या कडांचे गोल-लांबट ठिपके तीन रांगांत असतात. डिवचल्यावर ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडते. अजगराचे पट्टे मोठे आणि वेडेवाकडे असतात, डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते. मात्र ही लक्षणे जवळ जाऊन तपासण्यासाठी सांगितलेली नाहीत. घोणशीच्या पिल्लालाही जन्मापासून विष असते. त्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात. दंश झालाच तर बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ घालवू नये. चावलेला हात-पाय हलू न देता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात आणावे. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्याला. तो पकडणे, घरी ठेवणे, विकणे हा गुन्हा असून तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. शेतात पिल्लू सापडले तर लांब उभे राहून वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्याला खायला घालण्याचा प्रश्नच येत नाही, आपले पोट कसे भरायचे हे ते जाणते. बॉल पायथनसारख्या परदेशी अजगरांसाठीही २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर नोंदणीची अट आली. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत सरकारी ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते. पुढचे विवेचन अशा रीतसर नोंदवलेल्या अजगराबद्दल आहे.

उपास हा आजार नव्हे

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवसा बिळात राहणारा, रात्री शिकार करणारा आणि भ्याला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवणारा. असे पिल्लू प्रवास करून नव्या पेटीत येते, दिवसभर घरातली मुले काचेवर टकटक करतात, पाहुण्यांच्या हातातून ते फिरते. त्याच्या दृष्टीने हा शिकाऱ्यांचा वेढा आहे. वेढ्यात सापडलेला प्राणी जेवत नाही. नव्याने वॉर्डात दाखल झालेला माणूसही पहिल्या दिवशी ताटाला हात लावत नाही, तसेच हे.

दुसरे कारण ऊब. आपण अन्न जाळून अंग ३७ अंशांवर ठेवतो. साप ऊब बाहेरून घेतो. अंग गार असेल तर त्याचे पाचक रस काम करत नाहीत. पोटात गेलेला उंदीर पचण्याऐवजी कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. म्हणून गार पडलेला साप खायला नकार देतो, हे त्याचे शहाणपण आहे. साताऱ्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याच्यासाठी फारच थंड असतात.

अजगराला पचन किती महागात पडते, हे शास्त्रज्ञांनी ब्रह्मी अजगरावर मोजले आहे. मोठे भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याचे हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. आतडे जवळपास दुप्पट होते. जेवण जिरले की सगळे पूर्ववत होते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की, या हृदयवाढीमागे रक्तातली तीन विशिष्ट मेदाम्ले आहेत. तीच उंदरांना टोचल्यावर त्यांचेही हृदय निरोगी पद्धतीने वाढले. ज्या प्राण्याला एका जेवणासाठी सगळे शरीर नव्याने उभारावे लागते, तो जागा सुरक्षित आणि उबदार आहे याची खात्री होईपर्यंत थांबणारच.

काय करावे

पहिला आठवडा पिल्लाला हात लावू नये. पाणी बदलण्यापुरतीच पेटी उघडावी. पेटी फार मोठी नको, मोकळी जागा त्याला भिववते. तिच्या तीन बाजू कागदाने झाकाव्यात. आत अंग जेमतेम मावेल अशा दोन लपायच्या जागा हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. उबदार बाजू ३१-३२ अंश, गार बाजू २५ ते २७ अंश. हे अंदाजाने नव्हे, तापमापीने पाहावे आणि उबाऱ्याला तापमान-नियंत्रक जोडावा, नाहीतर साप भाजतो.

मग संध्याकाळी अंधार पडल्यावर खाणे द्यावे. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतके असावे. जिवंत उंदीर सोडू नये, तो सापालाच चावतो. गोठवलेला मृत उंदीर पूर्ण वितळवून, पिशवीत घालून गरम पाण्यात उबदार करावा. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे थंड उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. लांब चिमट्याने तो हळूच समोर धरावा. घेतला नाही तर लपायच्या जागेच्या तोंडाशी रात्रभर ठेवून सकाळी टाकून द्यावा. पुढचा प्रयत्न पाच-सात दिवसांनी. रोज उंदीर नाचवल्याने भीतीच वाढते. डोळे दुधाळ झाले असतील तर कात टाकण्याची वेळ जवळ आली आहे, तोवर थांबावे. खाल्ल्यावर दोन दिवस उचलू नये.

धीर किती धरायचा, हे वजनकाटा सांगतो. दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे. मोठा निरोगी बॉल पायथन काही महिने उपाशी राहू शकतो, पिल्लाजवळ तेवढी शिल्लक नसते. वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले, तोंडातून फेस आला, श्वासाचा घरघर आवाज येऊ लागला किंवा खाल्लेले ओकले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा.

काय करू नये

तोंड उघडून अन्न कोंबू नये. सापाच्या श्वासनलिकेचे तोंड जबड्याच्या तळाशीच असते. चुकीच्या हाताने कोंबलेले अन्न फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. दुधाचेही तेच. सांगली जिल्ह्यातले बत्तीस शिराळा नागपंचमीच्या जिवंत नागांसाठी देशभर प्रसिद्ध झाले. कायदा आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे तिथली ती जुनी पद्धत बदलली, पण साप दूध पितो ही समजूत घरोघर टिकून आहे. गारुडी सापाला अनेक दिवस पाण्याविना ठेवतो, मग तहानलेला साप समोरचे दूधही पितो. ते त्याला पचत नाही.

आता घरातल्या माणसांबद्दल. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. साप किंवा त्याची पेटी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याचे भांडे स्वयंपाकघरात धुऊ नये, उंदीर घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नयेत. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण घरात असतील तर साप पाळूच नये.

न खाणाऱ्या पिल्लाला हवे असते ते एवढेच: ऊब, आडोसा आणि एकांत. तेवढे मिळाले की बहुतेक पिल्ले आपणहून खाऊ लागतात. आणि एवढे देण्याची तयारी नसेल, तर तो प्राणी घरी न आणणे हेच बरे.