शिवडीची शाळा आणि आपल्या वस्तीवरची मुलगी



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, हुमणी यांवर लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण निघाला तो उसाच्या सरीतूनच.

गेल्या अडसाली लागणीत नोंदीसाठी एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कडेला बसून दोन डोळ्यांची टिपरी बायकांच्या हाती देत होती. नीट पाहिले, तर प्रत्येक टिपरी ती फिरवून, डोळे बाजूला येतील अशीच देई. मेळाव्यात आम्ही घसा कोरडा करून हेच सांगतो, तरी कितीतरी लोक डोळा खाली दाबून मोकळे होतात! "शाळेला सुट्टी का गं?" म्हणून विचारले. ती नुसती हसली. आजी म्हणाली, "तिला कुठली शाळा सायब? जल्मापासनंच तशी हाय."

त्या वस्तीवर आम्ही सहा वर्षे जातोय, चहा पितोय. मुलगी आतल्या खोलीत असायची, आणि आम्ही कधी विचारले नाही. यात आमचीही चूक आहे.

मुलीला डाऊन सिंड्रोम आहे, हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितले होते. आईला मात्र अजून ऐकून घ्यावे लागते, ग्रहणात भाजी चिरली म्हणून. तेव्हा स्पष्टच लिहितो. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. या मुलांत बहुधा 21 वे गुणसूत्र एक जादा असते, म्हणून 47 होतात. फ्रान्समध्ये 1959 साली हे कारण सापडले. त्यात विळीचाही दोष नाही आणि आईचाही नाही.

मुंबईत शिवडीला जय वकील शाळा आहे. जय आणि होरमसजी वकील या दांपत्याने ती 1944 साली सुरू केली. त्यांच्या डीना या मुलीची हीच अवस्था होती आणि तिला घेणारी शाळा मिळेना. मग त्यांनी घरीच सुरुवात केली. पैसाअडका, शिक्षण असलेल्या घरालासुद्धा दारोदार फिरावे लागले, हे ध्यानात घ्या.

अशा शाळेत सगळ्यांना एकच धडा नसतो. आधी मुलाला काय येते ते पाहतात आणि त्याच्यापुरता आराखडा करतात. बटण लावणे, ताटात वाढून घेणे, नाणी ओळखणे, एस.टी.त चढणे हाही तिथे अभ्यासच. बोलणे सुधारायला, हातापायांत बळ आणायला वेगळे तज्ज्ञ असतात. मोठ्या मुलांना हाताला काम शिकवतात. आईबापांनाही शिकवावे लागते, कारण शाळेत शिकलेले घरी मोडले तर उपयोग नाही. खोडव्याला लागणीचा हिशेब लावून चालत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पूर्वी मतिमंद म्हणत, 2016 च्या कायद्यात बौद्धिक दिव्यांगत्व म्हटले आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी आधी दाखला लागतो. त्याचा अर्ज ऑनलाइन भरतात, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. अर्ज जमत नसेल तर आधार कार्ड आणि फोटो घेऊन गट ऑफिसला या, आम्ही भरून देतो.

त्या वस्तीवर अर्ज घेऊन आम्ही दोनदा गेलो. वडील म्हणाले, "साहेब, पोरीचं नाव कागदावर चढलं की थोरलीचं लगीन अडंल." त्यांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही; गाव आपलेच आहे. थोरली आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "अडू दे की. जो हिच्यापायी अडतोय, तो मला नकोच." वडील काही बोलले नाहीत. अर्ज मात्र त्यांनी ठेवून घेतला, बेण्याच्या पावत्यांच्या पिशवीत. सही अजून व्हायची आहे. पुढच्या बुधवारी खोडव्याची नोंद घ्यायला तिकडे जायचेच आहे.