घरासाठी छोटा कॅमेरा घेताना

आपल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांचा एकही फोटो नाही. असलाच तर कुठल्यातरी ओळखपत्रासाठी काढलेला, पुढे मोठा करून भिंतीवर लावलेला. रोलच्या काळात ३६ फोटो पुरवून पुरवून काढावे लागत आणि रोल धुण्याचे पैसे वेगळेच. आज कार्डावर हजारो फोटो मावतात. मात्र कॅमेऱ्याची किंमत अजूनही कष्टकरी घराला जड जाते. दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबून पैसे घालवण्यापेक्षा चार गोष्टी आधी समजून घेतलेल्या बऱ्या, म्हणून हा लेख.

आधी गरज तपासा

घरात चांगला मोबाईल असेल तर अगदी स्वस्त कॅमेरा घेऊन फोटो फारसे सुधारत नाहीत, हे आम्ही स्पष्ट सांगतो. कॅमेरा उपयोगी पडतो तो तीन ठिकाणी. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून स्टेजवरचे मूल जवळ आणायचे असेल तेव्हा. लग्नाचे किंवा सभेचे चित्रण करताना मोबाईल अडकून पडू नये म्हणून. आणि घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी फोटो-व्हिडिओचे काम शिकून चार पैसे मिळवू इच्छित असेल तेव्हा. यांतले काहीच नसेल तर पैसे राखून ठेवावेत.

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा सर्वांत कमी कामाचा असतो. चार बाय सहा इंचांची उत्तम प्रिंट काढायला सुमारे २ मेगापिक्सेल पुरतात, आठ बाय बारा इंचांच्या प्रिंटला सुमारे ९.

पाहायचा तो सेन्सर. सेन्सर म्हणजे रोलच्या जागी आलेली, प्रकाश टिपणारी पट्टी. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यात ती साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरची असते. महागड्या छोट्या कॅमेऱ्यात 'एक इंची' म्हणून ओळखली जाणारी पट्टी असते. नाव इंचाचे असले तरी ती प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरची असते, म्हणजे क्षेत्रफळाने पहिलीच्या चौपट. सोनीचा २०१४ साली आलेला डब्ल्यू ८३० आणि २०२२ साली आलेला झेडव्ही-१ एफ, दोघांचेही मेगापिक्सेल २०.१. पण पहिल्यात लहान पट्टी, दुसऱ्यात मोठी. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो काढला की फरक डोळ्यांना दिसतो. लहान पट्टीच्या फोटोत रवाळ ठिपके उठतात.

झूमचेही तसेच. 'ऑप्टिकल झूम' भिंगाने होतो, तोच खरा. 'डिजिटल झूम' म्हणजे फोटोचा तुकडा कापून मोठा करणे, ते घरी नंतरही करता येते. वरच्या दोन कॅमेऱ्यांत जुन्याला ८ पट ऑप्टिकल झूम आहे, नव्याला मुळीच नाही. स्वतःकडे वळवून बोलायला नवा चांगला; स्नेहसंमेलनाच्या मागच्या रांगेत जुनाच कामाचा. म्हणून 'सर्वांत चांगला कॅमेरा कोणता?' असे विचारू नये, 'आमच्या कामाला कोणता?' असे विचारावे.

आपला चेहरा आपल्याच रंगात

हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे धरून प्रकाश मोजतो. मंगल परिणयात वधू-वर शुभ्र वस्त्रांत, भोवतीचे पाहुणेही शुभ्र वस्त्रांत. एवढा पांढरा रंग पाहून कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि सावळे चेहरे काळोखात जातात. दोष चेहऱ्याचा नसतो, मोजणीचा असतो. यावर उपाय म्हणजे अधिक-उणे चिन्हाची सोय. ती अधिक ०.७ किंवा १ वर ठेवावी, चेहरे उजळतात. ही सोय नसलेला कॅमेरा घेऊ नये.

या चुकीला जुना इतिहास आहे. रंगीत फोटोंचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेले कार्ड फोटोशाळांना देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. गोरी कातडी नीट आली की रंग नीट आले, असा हिशोब. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड निघायला १९९० चे दशक उजाडले.

आजच्या अनेक कॅमेऱ्यांत आणि मोबाईलमध्ये कातडी गुळगुळीत व गोरी करणारी सोय असते. ती पहिल्याच दिवशी बंद करावी. उन्हात राबलेल्या आईचा चेहरा नातवंडांना जसा होता तसाच दिसला पाहिजे.

व्हिडिओसाठी काय पाहावे

घरच्या वापराला १०८० चे चित्रण पुरेसे आहे. ४-के चित्रण सुरेख दिसते, पण जागा खाते. १०० मेगाबिट वेगाच्या ४-के चित्रणाला मिनिटाला सुमारे ७५० एमबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड दीड तासाच्या आतच भरते. तेच कार्ड २८ मेगाबिटच्या १०८० चित्रणाला पाच तास पुरते.

ट्यूबलाइटखाली चित्रण लुकलुकते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत 'पाल' आणि 'एनटीएससी' असा पर्याय असेल तर 'पाल' निवडावा आणि सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे ठेवावीत. बहुतेक वेळा लुकलुक थांबते.

आवाजाकडे दुर्लक्ष करू नये. हललेले चित्र माणूस सहन करतो, न कळणारे भाषण नाही. सभा-व्याख्याने टिपायची असतील तर बाहेरचा माइक जोडण्याचे छिद्र असलेलाच कॅमेरा घ्यावा. हात हलण्यावर भिंगातली ऑप्टिकल स्थिरता असल्यास चांगले. नुसती इलेक्ट्रॉनिक स्थिरता चित्राच्या कडा कापते.

सलग चित्रण किती वेळ होते तेही विचारावे. अनेक छोटे कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांना थांबतात, कारण युरोपात अर्धा तास वा अधिक सलग चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यावर जादा आयात शुल्क लागत असे. शिवाय छोटे यंत्र लवकर तापते.

किंमत आणि जुना माल

कॅमेऱ्याच्या किमतीत जादा बॅटरी, कार्ड आणि पिशवी धरूनच अंदाजपत्रक करावे. ४-के चित्रणासाठी कार्डावर 'व्ही ३०' ही खूण पाहावी. पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घ्यावे. बिलाशिवाय स्वस्त मिळणारा माल बिघडल्यावर महाग पडतो.

जुना कॅमेरा घेणे कमीपणाचे नाही. मात्र स्वतःचे कार्ड घेऊन जावे आणि या गोष्टी पाहाव्यात:

१. भिंग पाच-सहा वेळा आत-बाहेर करावे. अडखळले किंवा करकरले तर घेऊ नये.

२. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहावा. डाग दिसले तर आत धूळ किंवा बुरशी असण्याचा संभव आहे.

३. बॅटरी फुगलेली नसावी, आणि त्या मापाची नवी बाजारात मिळते का हे आधी विचारावे.

४. दहा मिनिटे सलग चित्रण करून, आवाजासह पाहावे.

५. कार्ड साधे एसडी असावे. ऑलिंपस व फुजीफिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांतली एक्सडी कार्डे आता सहज मिळत नाहीत.

एका घराला परवडत नसेल तर दोन-तीन भावंडांनी मिळून किंवा महिला मंडळाने एक कॅमेरा घ्यावा. वहीत नोंद ठेवली की भांडण होत नाही.

फोटो टिकले तरच उपयोग

कार्ड बिघडते, मोबाईल हरवतो. म्हणून फोटोंच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि वर्षातून निवडक वीस-पंचवीस फोटोंच्या प्रिंट काढाव्यात. प्रत्येक प्रिंटच्या मागे नाव, गाव आणि तारीख लिहावी. कॅमेरा आणलाच तर पहिला फोटो घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा काढावा, आणि त्यांना चार प्रश्न विचारून त्यांचा आवाजही टिपून ठेवावा. बाकीचे फोटो नंतर काढता येतील.